आधी पेटी, मग वेबसाइट!

आपल्या कॉलेजात थर्ड इयरला पोचलेल्या कुणालाही विचारा, "तुला काय येतं?" बरेच जण छाती पुढे काढून सांगतील, "वेबसाइट बनवता येते." गावातल्या एखाद्या दुकानदाराला विचारा, "धंदा वाढवायला काय हवं?" तोही सांगेल, "एक वेबसाइट हवी." म्हणजे मागणी आहे आणि पुरवठाही आहे. मग इतक्या वेबसाइट्स धूळ खात का पडलेल्या असतात? पहिल्याच पानावर तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा, "लवकरच येत आहे" अशी कायमची पाटी आणि लागत नसलेला फोन नंबर. हे चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

कारण साधं आहे. वेबसाइट झाली, पण धोरण झालंच नाही. वेब-धोरण हा शब्द जड वाटतो, एमबीएवाल्यांचा वाटतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की धंद्याने महाजालाकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं, कोणासाठी, कोणत्या क्रमाने, किती खर्चात, आणि ते काम झालं की नाही हे कसं ओळखायचं, याचा आधी केलेला विचार. वेबसाइट ही दुकानाची पाटी आणि गल्ला. मागचं गोदाम, वजनकाटा, उधारीची वही, माल पोचवणारा पोऱ्या हे सगळं त्या पाटीमागे उभं असावं लागतं.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो देवगडच्या मामामुळे. मामाची हापूसची कलमं आहेत. माल वाशीच्या मार्केटला जातो आणि भाव तिथे ठरतो. या वर्षी त्याने मला फोन करून विचारलं, "गो, वेबसाइट केली की गिऱ्हायका येतली मा?" एका एजन्सीने त्याला मोठा आकडा सांगितला होता. मामासाठी तो आकडा म्हणजे बागेच्या खताचे आणि फवारणीचे पैसे. त्यामुळे "हो, येतील की" असं उडतउडत उत्तर देणं मला जमेना. मी वाचायला बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

बू डॉट कॉम : दिव्याखाली अंधार

पहिली गोष्ट लंडनची. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटचा नुसता धुरळा उडालेला होता. तेव्हा अर्न्स्ट माल्मस्टेन, कायसा लिअँडर आणि पॅट्रिक हेडेलिन या स्वीडिश मंडळींनी 'बू डॉट कॉम' नावाची कंपनी काढली. फॅशनचे आणि खेळाचे कपडे इंटरनेटवर विकायचे, तेही एकाच वेळी अनेक देशांत, अनेक भाषांत आणि अनेक चलनांत. साइट नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. मे २००० मध्ये कंपनी बुडाली. तोवर तिने सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च केले होते.

साइट दिसायला फारच भारी होती. कपडे सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येत. 'मिस बू' नावाची एक चित्रातली मुलगी तुम्हाला खरेदीत मदत करी. फ्लॅश आणि जावास्क्रिप्ट यांचा मारा होता. पण ज्यांच्यासाठी हे केलं त्यांच्या घरी काय होतं? डायल-अप मोडेम! आता आपण इंजिनिअर लोक, जरा गणित करू. ५६ के मोडेम म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट. आठाने भागलं की ७ किलोबाइट. १ मेगाबाइटचं पान उतरायला जवळजवळ १४३ सेकंद, म्हणजे दोन मिनिटं आणि वर वीसेक सेकंद. तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. एक शर्ट बघायला कोण एवढा वेळ थांबेल? समोरच्या दुकानात जाऊन शर्ट घालूनसुद्धा होईल!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कपडे इंटरनेटवर विकण्याची कल्पना चुकीची नव्हती. आज आपल्या हॉस्टेलच्या गेटवर रोज कपड्यांची पार्सलं येऊन पडतात. चुकलं ते मोजमाप. गिऱ्हाइकाच्या हातात काय साधन आहे हे पाहिलं नाही. एका शहरात जमतंय का ते न बघताच अनेक देशांत उडी मारली. विक्री सुरू व्हायच्या आधीच खर्चाचा डोंगर उभा केला. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली.

रेडबस : आधी सीट, मग साइट

दुसरी गोष्ट आपल्या देशातली, आणि हॉस्टेलवाल्यांना तर फारच जवळची. सणाला घरी जायचंय, रेल्वे फुल्ल, आणि ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात "आत्ताच शेवटची सीट गेली" हे उत्तर. २००५ च्या दिवाळीत बंगळूरमध्ये नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला हेच उत्तर मिळालं आणि त्याची दिवाळी घरी झाली नाही. इथवर गोष्ट आपल्या सगळ्यांची आहे. पुढचं मात्र वेगळं आहे. हे असं का होतं, हे तो विचारत सुटला.

त्याला कळलं ते असं. बसमालकाकडे सीट असतात. त्या विकतात गावभर पसरलेले एजंट. कोणत्या एजंटने कोणती सीट विकली हे फोनवर विचारायचं आणि कागदावरच्या तक्त्यात फुली मारायची. त्यामुळे एका एजंटाकडे "फुल्ल" असलेली गाडी प्रत्यक्षात रिकाम्या सीट घेऊन धावू शकते. प्रवासी ताटकळत, मालकाचं नुकसान, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. दुखणं माहितीचं होतं!

बिट्स पिलानीचे त्याचे मित्र चरण पद्मराजू आणि सुधाकर पसुपुनुरी त्याच्याबरोबर आले. आधी त्यांना वाटलं, बसमालकांना चांगलं सॉफ्टवेअर करून देऊ. मालकांना त्यात रस नव्हता, आणि त्यांचंही बरोबर होतं. ज्याचा धंदा फोनवर चाललाय त्याला कॉम्प्युटर म्हणजे डोक्याला ताप. मग मित्रांनी क्रम उलटा केला. तुम्ही तुमची पद्धत बदलू नका, आम्हाला मोजक्या सीट द्या, आम्ही विकून दाखवतो. ऑगस्ट २००६ मध्ये रेडबस सुरू झाली. सीट विकल्या जाऊ लागल्या तसे मालक हळूहळू विश्वास टाकू लागले. त्यानंतर कंपनीने मालकांसाठी 'बॉस' नावाची यंत्रणा आणली, ज्यात गाडीतल्या सगळ्या सीटचा हिशेब एका जागी राहतो, आणि एजंटांसाठी 'सीटसेलर' आणली. म्हणजे ज्या एजंटांच्या पोटावर पाय येईल असं वाटत होतं, त्यांनाही त्याच साखळीत घेतलं. २०१३ मध्ये इबिबो समूहाने रेडबस विकत घेतली.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. बू ने काउंटर सजवलं. रेडबसने काउंटरच्या मागची फुली मारायची वही दुरुस्त केली. प्रवाशाला पडद्यावर जो सीटचा तक्ता दिसतो, तो खरा असला तरच त्या वेबसाइटला अर्थ आहे. माझ्या मते वेब-धोरणाचं सार इतकंच आहे. पडद्यावर जे वचन देता ते मागे पाळता आलं पाहिजे. यातूनच पाच प्रश्न निघतात. ते मी मामाच्या आंब्यांना लावून पाहिले, तेच आता सांगते.

पहिला प्रश्न : कोण येणार आणि कशाला?

"सगळे आमचे गिऱ्हाईक" म्हणणाऱ्याचा कोणीच गिऱ्हाईक नसतो. मामाला विचारलं, आत्ता तुझ्याकडून थेट आंबे कोण घेतं? तो म्हणाला, पुण्या-मुंबईतले जुने ओळखीचे, आणि त्यांच्या ओळखीचे. त्यांना हवं काय असतं? स्वस्त आंबा? मुळीच नाही. स्वस्त हवा तर नाक्यावर मिळतो. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. एक, आंबा खरंच देवगडचा असावा. दोन, तो ठरलेल्या दिवशी घरी यावा, कारण अक्षय्य तृतीयेचा नैवेद्य दुसऱ्या दिवशी दाखवून चालत नाही.

एवढं कळल्यावर साइटवर काय हवं आणि काय नको हे आपोआप ठरतं. 'आमच्याविषयी' म्हणून शंभर ओळींचं कौतुक नको. कलमांचे, काढणीचे, अढीचे खरे फोटो हवेत. आज किती पेट्या शिल्लक आहेत आणि कोणत्या तारखेला पोचतील हे सगळ्यात वर हवं. उडणारे फुगे आणि आपोआप वाजणारं संगीत तर नकोच नको.

दुसरा प्रश्न : वचन पाळता येईल का?

मामाच्या ओळखीच्या एका बागायतदाराने दोन वर्षांपूर्वी झकास वेबसाइट करून घेतली. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ऑर्डरींचा पाऊस पडला. पण त्या वर्षी मोहोर उशिरा आलेला, फळ तयार नाही, आणि साइट बिचारी ऑर्डर घेतच होती. कारण तिला बागेतली परिस्थिती कोण सांगणार? पैसे परत करता करता त्याच्या नाकी नऊ आले. त्याहून वाईट म्हणजे, रागावलेले बरेच लोक त्याचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक होते.

बसची सीट निदान लोखंडाची असते, जागची हलत नाही. आंब्याची पेटी अजून झाडावर लटकलेली असते! म्हणून आम्ही ठरवलं की साइट आधी मर्यादा शिकेल. एकूण मालाचा लहानसा वाटाच थेट विकायचा, बाकीचा नेहमीसारखा वाशीला. आठवड्याला जेवढ्या पेट्या हातांनी नीट भरता येतील तेवढ्याच विक्रीला लावायच्या, आणि आकडा शून्यावर आला की ऑर्डर बंद. दलालाशी भांडण नको. वर्षभराचं पोट ज्या रस्त्यावर चालतं तो रस्ता एका पावसाळ्यात खणून ठेवायचा नसतो. काय महाजालावर न्यायचं नाही, हेही धोरणातच येतं.

तिसरा प्रश्न : अनोळखी माणूस विश्वास का ठेवेल?

दुकानात माणूस वस्तू हातात घेतो, वास घेतो, दुकानदाराचं तोंड बघतो. पडद्यावर यातलं काहीच नाही. म्हणून विश्वासाची सोय वेगळी करावी लागते. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी ती कशी केली बघा. आयआरसीटीसीने ३ ऑगस्ट २००२ ला इंटरनेटवर रेल्वे तिकीट विकायला सुरुवात केली, तेव्हा बुकिंग पडद्यावर होई, पण कागदी तिकीट कुरिअरने घरी येई. ई-तिकीट आलं ते २००५ मध्ये. लोकांना आणि व्यवस्थेला सवय होईपर्यंत मधला पूल बांधला गेला. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झाली आणि २०१० मध्ये तिने 'माल हातात पडल्यावर पैसे द्या' ही सोय आणली. कार्ड नसलेला किंवा कार्डाचा नंबर द्यायला घाबरणारा माणूस त्यामुळेच आत आला.

मामाच्या धंद्यात पैशांची अडचण आता फारशी उरलेली नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज नारळवालाही क्यूआर कोड लावून बसतो. अडचण आहे ती अस्सलपणाची. कुठल्याही राज्यातला आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात घातला की झाला देवगड! त्यावर दोन आधार आहेत. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसचा त्यात समावेश आहे, आणि ज्याने त्यासाठी नोंदणी केली आहे त्यालाच ते बोधचिन्ह वापरता येतं. शिवाय देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर विशिष्ट क्रमांकाचं स्टिकर लावायची योजना आणली, म्हणजे गिऱ्हाइकाला तो क्रमांक पाठवून खात्री करता यावी. हे आधार साइटवर ठळक दाखवायचे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून "आम्ही कार्बाइड वापरत नाही" एवढंच लिहून भागत नाही. गवतात अढी कशी लावतो त्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ टाकायचा.

आणि साक्याचं काय? हापूस वरून सुंदर दिसतो आणि कापल्यावर आत साका निघतो. बागायतदारालाही तो बाहेरून कळत नाही. तर मग आधीच लिहायचं : साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. मामा आधी कचरला. पण मी म्हणाले, "मामा, जुन्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर तू काय करतोस?" म्हणे, "पुढल्या पेटीत चार जास्त घालतंय." मग झालं तर! जे तोंडी पाळतोस तेच लिहून ठेवायचं आहे. शिवाय हा नुसता भलेपणा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अशी अपेक्षा आहे. तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि पत्ता साइटवर असला की निम्मा विश्वास तिथेच बसतो.

चौथा प्रश्न : जागा कुणाची आणि रस्ता कुठला?

"साइट कशाला? इन्स्टाग्रामवर पेज काढू, फुकट!" असं बरेच जण म्हणतात. गर्दी तिथे आहे हे खरं. पण ती भाड्याची जागा आहे, आणि भाडेकराराचा कागद घरमालकाकडे आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. तिथे ज्यांनी गिऱ्हाईक जमवलं होतं, त्यांची सगळी गर्दी एका रात्रीत गेली. गूगलने छोट्या धंद्यांना फुकट, साध्या वेबसाइट्स करून दिल्या होत्या. त्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. कुणावर राग धरायचं कारण नाही, पण शहाणं व्हायचं कारण नक्की आहे.

म्हणून नियम असा. गर्दी असेल तिथे पाटी लावा, पण घर स्वतःचं ठेवा. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, आणि ते धंदेवाल्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवा. साइट करणाऱ्या पोराच्या नावावर डोमेन, आणि पोरगं नोकरीला परगावी, हा प्रकार फार ऐकू येतो! गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे ठेवा. ती ठेवताना त्यांना विचारा. आता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी न विचारता रोज मेसेज पाठवणाऱ्याला लोक ब्लॉकच करतात.

आता रस्ता. लोक शोधतात कसे? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं पहिलं वाक्य इंग्रजीतच सुचतं. 'प्रीमियम अल्फान्सो' वगैरे. पण मामाच्या जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेज वाचले तर त्यात 'अल्फान्सो' एकदाही नाही. "देवगड हापूस ५ डझन", "कच्चा पाठवा, ताई गावाला चाललीय", "गोटी नको, मोठं फळ". हेच शब्द पानावर हवेत, कारण हेच शब्द माणूस शोधायच्या चौकटीत टाकतो. परदेशी असलेल्या मुलाने आईवडिलांसाठी पेटी मागवायची तर इंग्रजी पानही हवं. दोन्ही ठेवा, पण गिऱ्हाइकाच्या तोंडची भाषा आधी.

शिवाय बू ची आठवण ठेवून पानाचं वजन तपासा. मामाच्या मोबाइलवरचे फोटो चार-चार मेगाबाइटचे. असे सहा टाकले की २४ मेगाबाइट, म्हणजे १९२ मेगाबिट. घाटात, गाडीत, सेकंदाला २ मेगाबिट मिळाले तर ९६ सेकंद! तेच फोटो आकार लहान करून दीडशे किलोबाइटवर आणले तर चार सेकंदांच्या आत पान उघडतं. फोटोत काही फरक दिसत नाही. फरक फक्त थांबलेल्या आणि निघून गेलेल्या माणसात दिसतो.

पाचवा प्रश्न : जमलं हे कशावरून कळणार?

एजन्सीच्या कागदावर लिहिलं होतं, "दरमहा दहा हजार व्हिजिटर्सची खात्री." मामाला आकडा भारदस्त वाटला. पण दहा हजार लोक जत्रेत येऊन नुसते आंबे हुंगून गेले तर काय उपयोग?

समजा, जाहिरातीवर एका क्लिकला ८ रुपये पडतात. शंभर जण आले, खर्च ८०० रुपये. त्यातल्या दोघांनी पेटी घेतली. म्हणजे एक गिऱ्हाईक मिळवायला ४०० रुपये. आता समजा खोकं, पॅकिंग, गाडीभाडं वजा जाता एका पेटीमागे ३५० रुपये सुटतात. म्हणजे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ५० रुपये तोटा. जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त! वरून मात्र सगळं हिरवंगार दिसेल, ऑर्डरी येतायत, आकडे चढतायत.

आता तेच गिऱ्हाईक खूश होऊन त्याच हंगामात दुसरी पेटी घेऊ दे. दुसऱ्या पेटीला जाहिरातीचा खर्च नाही. दोन पेट्यांचे ७०० सुटले, ४०० गेले, ३०० उरले. पुढच्या वर्षी एका मेसेजवर पुन्हा आला तर सगळेच आपले. म्हणजे मामाने रोज बघायचा आकडा 'किती जण आले' हा नाही. 'किती जण परत आले' हा आहे. माझे आकडे समजुतीचे आहेत. प्रत्येक धंद्याने आपले खरे आकडे यात घालावेत. पण हे गणित करायला कागद आणि पेन पुरतं, आणि ते साइट बनवायच्या आधी करता येतं.

मग शेवटी काय ठरलं?

एजन्सीला मामाने नम्रपणे नाही म्हटलं. पहिल्या हंगामात स्वतःचं डोमेन आणि एकच पान : फोटो, शिल्लक पेट्या, तारखा, भाव, साक्याचा नियम आणि व्हॉट्सअॅपचं बटण. पैसे यूपीआयने. गूगलच्या नकाशावर बागेची नोंद. हिशेब मामीच्या वहीत, कारण मामीची वही आजवर कधी हँग झालेली नाही. हंगाम संपल्यावर त्या वहीत बघायचं : कोणता प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा विचारला, कुठे हात अपुरे पडले, कोण परत आलं. त्यावरून पुढच्या वर्षी काय वाढवायचं ते ठरेल. मामीच्या हातांना न आवरण्याइतक्या ऑर्डरी येऊ लागल्या की तेव्हा मोठी साइट. कदाचित ती वेळ दोन वर्षांनी येईल, कदाचित येणारच नाही. दोन्ही चालेल, कारण खताचे पैसे शाबूत आहेत.

मित्रांनो, शेवटी आपल्याविषयी थोडं. आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत छोट्या धंद्यांची कामं घेतात. कुणी मेसवाल्या काकूंची साइट करतं, कुणी पिठाच्या गिरणीची, कुणी लग्नाच्या हॉलची. आपल्यासाठी तो प्रोजेक्ट असतो, रेझ्युमेवरची एक ओळ असते. समोरच्याचे ते साठवलेले पैसे असतात, आणि "इंजिनिअरिंगचा मुलगा सांगतोय म्हणजे खरं असेल" हा भरवसा असतो. तेव्हा कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी त्यांच्या दुकानात एक दिवस बसा. गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका. वही बघायला मागा. हे पाच प्रश्न विचारा. आणि उत्तर "तुम्हाला सध्या वेबसाइटची गरज नाही, नकाशावर पत्ता नीट टाका आणि फोन उचलत जा" असं निघालं, तर तेही स्पष्ट सांगा. काम एक कमी होईल. पण त्या काकूंना खरंच वेबसाइट लागेल तेव्हा त्या दुसऱ्या कुणाला शोधायला जाणार नाहीत.

(तृतीय वर्ष, कॉम्प्युटर)